बालेवाडीतील इटालियन कारकीर्द

ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबारायांची पालखी देहूतून प्रस्थान ठेवते, पहिली रात्र गावातच इनामदार वाड्यात काढते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामास उतरते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये घालून दिलेली ही वहिवाट आजतागायत चालू आहे. वाटेवरील मुलखाचे रूप मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पार पालटले. शेतीची शिवारे कारखान्यांच्या आवारांत लुप्त झाली, आणि ज्या आकुर्डीत वारकरी टाळ खाली ठेवून विसावतात त्याच आकुर्डीत, पियाजिओ या इटालियन कंपनीशी झालेल्या करारनाम्यान्वये, बजाज ऑटोच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या. हा करार १९७१ मध्ये संपुष्टात आला. त्याचे नूतनीकरण झाले नाही. आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या अश्वाचे नाव धारण केलेली ‘चेतक’ बजाजने स्वतःच्या नावावर बाजारात आणली. कराराच्या दशकभरात ती विद्या येथल्या फिटर-टर्नरांच्या हातांत उतरली होती. परकी विद्या एखाद्या इलाख्यात कशी रुजते याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही, आणि म्हणूनच त्याच इलाख्यात चार दशकांनंतर आलेल्या दुसऱ्या एका इटालियन विद्येची हकिकत सांगताना तो प्रथम नमूद करणे अवश्य वाटते.

ती विद्या फुटबॉलची, आणि ती घेऊन आलेले गृहस्थ फ्रांको कोलोम्बा. ६ फेब्रुवारी १९५५ रोजी टस्कनी प्रांतातील ग्रोसेतो येथे त्यांचा जन्म झाला. पियाजिओचा स्कूटरींचा कारखाना ज्या पोंतेदेरा गावी आहे तेही याच टस्कनीत. खेळाडू म्हणून त्यांची उमेदीची वर्षे बोलोन्या आणि आवेल्लिनो या संघांच्या मधल्या फळीत गेली. आवेल्लिनो हे दक्षिण इटलीतील डोंगराळ भागातले लहानसे शहर, परंतु त्या काळी त्याचा संघ इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत युव्हेंटस, मिलान अशा धनाढ्य संघांशी झुंजत होता. अशा संघाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्यास टाळ्या थोड्या आणि धावणे फार, हे सांगावयास नकोच.

मधल्या फळीचे कर्तव्य काय, याचा येथे थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे. आघाडीच्या खेळाडूची दृष्टी गोलजाळीवर खिळलेली असते, बचावाच्या खेळाडूची दृष्टी समोरून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर. परंतु मध्यभागी उभा असलेला खेळाडू आपल्या पाठीमागे कोणती जागा रिकामी पडली, डाव्या बगलेवरचा सहकारी दमला की काय, चेंडू आता पुढे सरकवावा की क्षणभर रोखून खेळाची गती मंद करावी, याचा निर्णय सामन्यात शेकडो वेळा करीत असतो, आणि त्यायोगे दहा-पंधरा वर्षांच्या खेळात संपूर्ण मैदानाचा नकाशा त्याच्या बुद्धीत आपोआप कोरला जातो. प्रशिक्षकास जे ज्ञान हवे असते त्यातला मोठा हिस्सा हाच. इटलीच्या नामांकित प्रशिक्षकांपैकी जोव्हान्नी त्रापात्तोनी, फाबियो कापेल्लो, कार्लो आन्चेलोत्ती आणि अंतोनियो काँते हे सारे मधल्या फळीतले खेळाडू होते, हा मी योगायोग मानीत नाही.

तथापि केवळ अनुभवावर इटलीत भागत नाही. फ्लॉरेन्स शहराच्या कडेस कोवेर्चियानो येथे १९५८ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे केंद्र उभे राहिले, आणि निवृत्त खेळाडू कितीही कीर्तिमान असला तरी तेथील अभ्यासक्रम पुरा करून, शेवटी प्रबंध लिहून, सनद मिळविल्याखेरीज त्यास वरच्या श्रेणीचा संघ हाती घेता येत नाही. आन्चेलोत्ती यांनीही असा प्रबंध लिहिला. फुटबॉलचे भवितव्य अधिक गतिमानतेत आहे, असा त्याचा विषय होता. खेळ ही शारीरिक करामत नसून अध्ययनाचा विषय आहे, ही श्रद्धा त्या देशाने संस्थेच्या रूपाने मूर्त केली. माझ्या मते इटालियन फुटबॉलची खरी संपत्ती तीच.

कोलोम्बा यांची प्रशिक्षकाची कारकीर्द या परंपरेतील मधल्या मानकऱ्याची आहे. त्यांच्या नावावर मोठी विजेतेपदे नाहीत. पण बुडत्या संघास तारणारा अशी त्यांची ख्याती होती. रेजिना हा दक्षिण टोकाचा संघ प्रथमच सर्वोच्च श्रेणीत आला तेव्हा १९९९-२००० च्या हंगामात त्यांनी त्यास तेथे टिकवून धरले. बोलोन्या, जेथे ते स्वतः खेळले होते, तो संघ २००९ च्या हेमंतात संकटात असताना त्यांनी हाती घेऊन हंगामाअखेर वाचविला, आणि नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर त्यांना बडतर्फ करण्यात आले. २०११ मध्ये पार्मा संघाच्या बाबतीत तेच घडले: वसंतात नेमणूक, मग बचाव, आणि पुढल्या जानेवारीत मिलानच्या इंटर संघाकडून पाच गोलांनी झालेल्या पराभवानंतर बरखास्ती. नेमणूक आणि बडतर्फी यांमधील अवधीत जेवढे रचता येईल तेवढे रचावयाचे, हाच या पेशाचा धर्म आहे आणि तो त्यांनी निष्ठेने पाळला.

असा हा अनुभवी मनुष्य २०१४ मध्ये पुण्यात आला. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा त्या वर्षी नव्याने स्थापन झाली होती आणि एफसी पुणे सिटी या संघाने टस्कनीतील फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिना संघाशी सहकार्याचा करार केला होता. टस्कनीशी असलेला या भूभागाचा जुना संबंध असा पुन्हा जुळला. संघाचे मैदान म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, जे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले. देहूरोडहून कात्रजकडे जाणारा बाह्यवळण मार्ग या संकुलाच्या अगदी शेजारून जातो, त्यामुळे देहू-चिंचवडच्या मुलांना जागतिक कीर्तीचे खेळाडू पाहावयास दूर जावे लागले नाही. तशी या मुलखाला खेळाची परंपरा जुनीच: तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, फुगडी, टिपरी या खेळांची रूपके घेऊन रचलेले अभंग आहेत. पायाने खेळावयाचा चेंडू मात्र गोऱ्या पलटणींबरोबर आला. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या आरंभीच्या वर्षांत लष्करी संघांचेच वर्चस्व होते, आणि पुणे, खडकी, पुढे देहूरोड या छावण्यांमुळे त्या खेळाचा परिचय इकडे कधी तुटला नाही.

कोलोम्बा यांच्या हाताखाली फ्रान्सचा दाविद त्रेझेगे होता, ज्याच्या गोलाने २००० च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीचाच पराभव झाला होता; २००४ चे युरोपीय विजेतेपद मिळविणारा ग्रीसचा मध्यफळीतील खेळाडू कॉस्तास कात्सुरानिस होता; बचावात इटलीचा ब्रुनो चिरिल्लो, आणि मधल्या फळीत गोव्याचा लेनी रॉड्रिग्स. आरंभ बिकट झाला. दिल्लीशी पहिला सामना गोलशून्य सुटला आणि दुसऱ्यात मुंबईने पाच गोलांनी धुव्वा उडविला. परंतु त्यानंतर बालेवाडीत गोव्याच्या संघास २-० असे नमविताना आणि पुढे विजेते ठरलेल्या कोलकात्याच्या संघास त्यांच्याच मैदानावर ३-१ असे हरविताना, रिकाम्या जागा मिटवून संयमाने वाट पाहणारा इटालियन खेळ पुणेकरांनी प्रत्यक्ष पाहिला. आठ संघांत पुण्याचा क्रमांक सहावा लागला.

सहावा क्रमांक हे अपयश म्हणून नोंदले गेले, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या जागी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आले. तेही मधल्या फळीचे आणि इटलीत अनेक वर्षे खेळलेले. त्यानंतर अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल पोर्तुगाल अशी नावे येत गेली. पोपोविच यांच्या काळात, २०१७-१८ मध्ये, संघाने उपांत्य फेरी गाठली आणि २०१९ मध्ये संघच विसर्जित होऊन त्याची जागा हैदराबादने घेतली. मला या इतिहासात दोष व्यक्तींचा दिसत नाही, मुदतीचा दिसतो. चौदा साखळी सामने दोन महिन्यांच्या आत उरकावयाचे, मैदानावरील अकरांपैकी सहा परदेशी असू शकत, आणि हंगाम संपताच सारे आपापल्या देशी परत जात. अशा व्यवस्थेत गुरू शिष्यास शिकवील तरी केव्हा? पियाजिओचे तंत्रज्ञ आकुर्डीत केवळ दोन महिने थांबते, तर चेतक रस्त्यावर आली नसती. मधल्या फळीची दृष्टी ही तर यंत्राच्या आराखड्याप्रमाणे कागदावर देताही येत नाही. ती रोजच्या सरावात, एकाच मुलाच्या शंभर चुका त्याच माणसाने शंभर वेळा सुधारल्यानेच संक्रमित होते.

हे कार्य आपल्याकडे अगदीच झाले नाही असे मात्र नव्हे. देहूरोडलगतच्या मामुर्डी येथे पुणे एफसी या जुन्या संघाने तरुण खेळाडूंसाठी सरावाचे मैदान राखले होते. त्या संघाची धुरा वर्षानुवर्षे डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाकडे होती, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली २०१२-१३ मध्ये तो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत उपविजेता ठरला. परेरा त्यापूर्वी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचे प्रशिक्षक होते, आणि त्याच महिंद्रा युनायटेडच्या मधल्या फळीत खालिद जमील खेळत असत.

१९७७ मध्ये कुवेतमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या जमील यांची कारकीर्द दुखापतींनी लवकर आटोपली. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबई एफसीची सूत्रे घेतली. साधनांनी तुटपुंजा असा हा संघ त्यांनी सुमारे सात वर्षे राष्ट्रीय श्रेणीत टिकवून धरला. कोलोम्बा यांचे रेजिनातील काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील साधर्म्य सहज जाणवेल. २०१६ मध्ये मुंबईने त्यांना दूर केले. ते मिझोरामला ऐझॉल एफसीकडे गेले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून त्या संघाने आय-लीगचे विजेतेपद मिळविले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोव्याचे सावियो मेदेरा, तेही जुने मध्यफळीचे खेळाडू, २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर ही जबाबदारी प्रथमच एका भारतीयाकडे आली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ ऑगस्टला, त्यांच्या संघाने ताजिकिस्तानला त्याच्याच भूमीवर २-१ असे हरविले.