यंत्रांची जुनी सेटिंग-सॉफ्टवेअर आणि नवे संगणक

कारखान्यातील पीएलसी (यंत्राचे नियंत्रण करणारे छोटे संगणक), सीएनसी यंत्रे, वायरलेस संच, मोजमापाची उपकरणे यांच्यात प्रोग्राम भरण्यासाठी आणि त्यांची सेटिंग ठरवण्यासाठी उत्पादकाने त्या काळच्या संगणकाकरिता बनवलेली सॉफ्टवेअर, व ती नंतरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवण्याच्या पद्धती. कारखान्यातले यंत्र पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. ऑपरेटिंग सिस्टिमचे तसे नसते. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचे सुरक्षा-अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्र आणि त्याच्याशी बोलणारा संगणक यांच्या आयुष्यातली ही तफावत सगळ्या अडचणींच्या मुळाशी आहे.

स्वरूप : सीमेन्सने १९७९ मध्ये आणलेली सिमॅटिक एस५ ही पीएलसींची मालिका या विषयाचे ठळक उदाहरण होय. तिचे प्रोग्राम ‘स्टेप ५’ या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत. पर्सनल कॉम्प्युटरवर ते मुख्यतः डॉसच्या काळातले. पीएलसीशी जोडणी २० मिलिअँपिअरच्या करंट लूपने होते, तर संगणकाचा सिरियल पोर्ट आरएस-२३२ पद्धतीचा, म्हणजे व्होल्टेजवर चालणारा असतो. त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर असलेली केबल लागते. रॅममधला प्रोग्राम एक छोटी लिथियम बॅटरी सांभाळते. बॅटरी उतरलेली असताना पुरवठा बंद झाला की प्रोग्राम पुसला जातो. म्हणून ती पॅनल चालू ठेवूनच बदलतात. प्रोग्राम गेला, तर मोटारी, व्हॉल्व्ह, सेन्सर सगळे धडधाकट असूनही यंत्र जागचे हलत नाही. अशा वेळी प्रोग्रामची फाइल, ती उघडणारे सॉफ्टवेअर आणि योग्य केबल हे तिन्ही हाताशी असावे लागते.

अडचणींची कारणे : पहिले कारण प्रोसेसरमध्येच आहे. डॉसचे प्रोग्राम १६-बिट असत. ३२-बिट विंडोज एनटी, एक्सपी आणि ७ यांमध्ये ते चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम हा भाग होता. तो प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर विसंबून होता आणि ६४-बिट ‘लाँग मोड’मध्ये हा मोड मिळत नाही. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४-बिटच आहे. काही सॉफ्टवेअरच्या बाबतीत मुख्य प्रोग्राम ३२-बिट, म्हणजे चालण्याजोगा असतो. पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट असल्याने गाडी पहिल्याच पायरीवर अडते.

दुसरे कारण पोर्टचे. डॉसचे प्रोग्राम पहिल्या सिरियल पोर्टच्या ३एफ८ या पत्त्यावर थेट लिहीत. एनटी घराण्यातील विंडोज साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला असा हात लावू देत नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर तर सिरियल पोर्टच नसतो.

तिसरे कारण वेगाचे. बोर्लंडच्या पास्कलमध्ये लिहिलेले अनेक प्रोग्राम वेगवान संगणकावर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात. थांबण्याचा वेळ ठरवण्यासाठी असा प्रोग्राम घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, आपले चक्र किती वेळा फिरते ते मोजतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत मावावे लागते. प्रोसेसर वेगवान झाले, उत्तर त्यापुढे गेले आणि भागाकारच फसला.

चौथे कारण यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरचे. एस५ शी संवाद ९६०० बॉडने होतो. एक बाइट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एफटीडीआयची कन्व्हर्टर चिप मात्र आलेले बाइट साठवून एकत्र पाठवते आणि त्यासाठी मुळात १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबते. उत्तराची थोडाच वेळ वाट पाहणारे सॉफ्टवेअर तोवर ‘यंत्र सापडले नाही’ असे सांगून मोकळे होते. ड्रायव्हरच्या सेटिंगमधला हा ‘लेटन्सी टायमर’ १ मिलिसेकंदावर आणला की पुष्कळदा काम होते. केबल बदलण्यापूर्वी हे करून पाहावे.

यांखेरीज ६४-बिट विंडोजला ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत आणि व्हिस्टापासून ६४-बिट ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी लागते. व्हिस्टापासूनच, जुना प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू लागला तर विंडोज ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या वेगळ्या फोल्डरात ठेवते. वापरणाऱ्याला सेटिंग हरवली असे वाटते. पॅरलल पोर्टवर लावायच्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या किल्लीशिवाय, न उघडणारी सॉफ्टवेअर आणखी अवघड.

उपाय : ३२-बिट सॉफ्टवेअर असेल तर कम्पॅटिबिलिटी मोड लावून आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवून पाहावे. ते सी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळ्या फोल्डरात बसवले की व्हर्च्युअलस्टोअरची भानगड टळते. डॉसच्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स हे इम्युलेटर उपयोगी पडते. त्यात प्रोसेसरचा वेग कमी करता येतो आणि खरा सिरियल पोर्टही जोडता येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी विंडोज संपूर्ण बसवून यूएसबी कन्व्हर्टर थेट तिच्याकडे सोपवता येतो. वेळेबाबत काटेकोर असलेल्या जोडणीसाठी मात्र खरा सिरियल पोर्ट असलेला जुना संगणकच सर्वांत भरवशाचा. त्यावर डॉसऐवजी फ्रीडॉसही चालू शकते. ज्या विंडोजचे अपडेट थांबले आहेत ती, मग व्हर्च्युअल मशीनमधली का असेना, इंटरनेटपासून आणि कारखान्याच्या नेटवर्कपासून तोडूनच वापरावी. यंत्रात काही लिहिण्याआधी त्यातला प्रोग्राम वाचून जपून ठेवावा. अर्धवट लिहिलेला प्रोग्राम म्हणजे हमखास बंद यंत्र.

जतन : एस५ मधून वाचून घेतलेल्या प्रोग्राममध्ये खुणांची नावे आणि टिपा येत नाहीत, त्या मूळ प्रकल्पाच्या फाइलींतच असतात. फाइलीत इनपुट ४.२ समोर ‘डावे संरक्षक दार बंद’ असे लिहिलेले असेल, तर यंत्रातून उतरवलेल्या प्रोग्राममध्ये ४.२ हा नुसता पत्ता उरतो. तो दाराचा की तेलाच्या दाबाचा, हे पॅनल उघडून एकेक वायर तपासत शोधावे लागते. म्हणून मूळ फाइली, सॉफ्टवेअरच्या फ्लॉपींच्या इमेज, चालू स्थितीतील व्हर्च्युअल मशीनची प्रत, डोंगल, केबल आणि तिच्या पिनांची आकृती हा संच यंत्राचाच सुटा भाग मानून, बेअरिंग आणि फ्यूज यांच्याइतक्याच काळजीने नोंद करून ठेवला पाहिजे. वर्षातून एकदा, यंत्र सुरळीत चालू असताना, त्या संचाने प्रोग्राम वाचून जुन्या प्रतीशी ताडून पाहावा. उणीव त्या दिवशी सापडली तर ती भरून काढायला सवड असते. यंत्र बंद पडल्यावर ती मिळत नाही.