हिंजवडीहून ताडोबा: हॉटेल शेवटी बुक करा

हिंजवडीतल्या ऑफिसांत ताडोबाची सहल साधारण एकाच पद्धतीने ठरते. कुणीतरी वाघाचा रील ग्रुपवर टाकतं, दुसरा लाँग वीकेंड शोधतो, तिसरा रिसॉर्टची लिंक पाठवतो. आगाऊ पैसे भरून होतात आणि मग कळतं, त्या तारखांना सफारीचं परमिटच शिल्लक नाही. मग चालू होते फोनाफोनी, ‘आतून’ परमिट काढून देणाऱ्याचा शोध आणि दुप्पट खर्च.

ताडोबाचं नियोजन उलट्या दिशेने करावं लागतं. आधी परमिट, त्यावरून गेट, मग प्रवास आणि सगळ्यात शेवटी हॉटेल.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. अंधारी अभयारण्य 1986 मध्ये झालं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. गाभ्याचं जंगल, म्हणजे कोअर, सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे. त्याभोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा बफर आहे. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे आणि वाघही आहेत. कोअर मिळालं नाही म्हणून सहल रद्द करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर या बफरच्या गेटांवरूनही अनेकांना चांगला वाघ दिसतो, आणि परमिट तुलनेने लवकर मिळतं.

परमिट वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. 2023 मध्ये या बुकिंगचं काम पाहणाऱ्या कंपनीविरुद्ध सुमारे 12 कोटी रुपयांच्या अपहाराची तक्रार पोलिसांत दाखल झाली होती आणि त्यानंतर बुकिंगची व्यवस्था बदलली. त्यामुळे जुन्या ब्लॉगमधल्या लिंक वापरू नका. सुट्ट्यांच्या तारखा काही महिने आधीच भरतात. थोडी परमिटं तत्काळसाठी राखलेली असतात, पण पुण्याहून सातशे किलोमीटर जायचं तर त्या भरवशावर राहणं म्हणजे जुगार आहे. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर दिलात तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. ऐनवेळी एक मित्र गळाला म्हणून त्याच्या जागी दुसरा चालत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. पूर्ण जिप्सी घेतली तर दोघांना आणि सहांना खर्च जवळपास तोच, म्हणून टीम सहाची असेल तर उत्तम.

आता गेट. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कोअरला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी गेटं आहेत. नकाशावर ती एकाच हिरव्या ठिपक्याच्या कडेला दिसतात, पण जंगलाच्या आतून आरपार जाता येत नाही. मोहर्लीहून कोलाऱ्याला बाहेरून जायला दोन तास सहज लागतात. सकाळच्या सफारीला उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आसपास गेटवर हजर राहावं लागतं. म्हणजे हॉटेल मोहर्लीला आणि परमिट कोलाऱ्याचं असेल, तर तुम्ही रात्री तीनला उठणार. चंद्रपूरकडून येणाऱ्यांना मोहर्ली सोयीचं, नागपूर-चिमूरकडून येणाऱ्यांना कोलारा आणि नवेगाव.

मंगळवारी कोअर बंद असतो. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळातही बंद असतो, तेव्हा बफरचे काही भाग चालू राहतात. शनिवार-रविवारचे दर जास्त आणि गर्दीही जास्त. बुधवार ते शुक्रवार रजा मिळवता आली तर तीच सहल स्वस्त आणि निवांत होते. मॅनेजरला हे पटवून देणं मात्र आमच्या लेखाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

पुण्याहून जायचं कसं? विमानाने नागपूर, तिथून गाडीने अडीच-तीन तास. हिंजवडीहून लोहगाव विमानतळापर्यंतच्या ट्रॅफिकचा हिशेब त्यात धरा. रेल्वेने नागपूरला रात्रीच्या गाड्या आहेत, शिवाय ऑगस्ट 2025 पासून पुणे-अजनी वंदे भारत सुमारे बारा तासांत पोहोचवते. थेट चंद्रपूरला जाणारी गाडी रोज नाही. स्वतःची कार असेल तर छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन समृद्धी महामार्ग पकडता येतो, पण तो पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. शुक्रवारी रात्रभर कार चालवून शनिवारी पहाटेची सफारी करायचा बेत आखू नका. जिप्सीत झोपलेली माणसं गाईड रोज बघतात. जायला एक आणि यायला एक दिवस धरून किमान चार दिवस आणि तीन सफाऱ्या, हे आमचं मत.

कधी जायचं, याचं ठरलेलं उत्तर मे महिना. पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. पण चंद्रपूरचा मे म्हणजे 45 अंशांच्या पुढचं ऊन, वर छत नसलेली जिप्सी. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. डिसेंबरच्या पहाटे मात्र घोंगडीच लागते, पुण्याची थंडी विसरा.

मे महिन्याची आणखी एक बाजू आहे. हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. ज्या दिवसांत आपण वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो, त्याच दिवसांत आजूबाजूच्या गावांतली माणसं वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून पानं तोडायला जातात. 10 मे 2025 रोजी ताडोबाच्या पूर्वेकडच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्यासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तुमची जिप्सी चालवणारा, तुमची गाईड (इथे महिला गाईडही आहेत) याच गावांतली असते. ‘अजून वाघ का नाही दाखवला’ म्हणून त्यांच्यावर डाफरू नका, आणि गाडी वाघाच्या वाटेत आडवी घालायला सांगू नका. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीला पाच बछड्यांसह असंच अडवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. पर्यटक घरी गेले तरी रोजगार त्यांचा बुडतो.

ताडोबात सफारीला मोबाईल नेता येत नाही. म्हणजे रील निघणार नाही, कॅमेरा असेल तर फोटो मिळतील.

इतकं लांब जमणारच नसेल, तर पुण्याहून चांदोली राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. चांदोली आणि कोयना मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाची एक वाघीण तिथे नेऊन सोडली. ती तुम्हाला दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. गवे, शेकरू आणि सह्याद्रीचं दाट जंगल पाहायचं असेल तर जा.