प्रमाण (कीर्तनातील)

वारकरी कीर्तनात विवेचनाला आधार म्हणून घेतलेले संतवचन. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबांची गाथा ही प्रमाणांची मुख्य भांडारे. बुलढाणा जिल्ह्यात गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतून प्रमाणे कानी पडतात. लोकसेवेच्या उपदेशात त्यांचे मोल मोठे आहे.

स्वरूप : कीर्तनकार एक अभंग सेवेला घेतो आणि त्याच्या चरणांचे क्रमाने निरूपण करतो. विधानाला प्रमाण आणि प्रमाण उमगावे म्हणून दृष्टान्त, अशी त्याची वीण असते. प्रमाणाचे पहिले शब्द निघताच गायक व टाळकरी ते चालीत उचलतात. अनेक श्रोत्यांना वचन मुखोद्गत असल्याने चूक तिथल्या तिथे ध्यानात येते. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने या पाठांतराला शिक्षणाची शिस्त दिली.

लोकसेवेचा उपदेश : पीडितांना आपले मानणाऱ्यालाच साधू ओळखावे, या अर्थाचा तुकोबांचा अभंग या विषयाचे ठळक प्रमाण होय. गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन करत. तुकोबा व कबीर यांची वचने घेऊन ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत. दिवसभराच्या श्रमामुळे त्या वचनांना आचरणाचा आधार मिळे.

जिल्ह्यातील परंपरा : शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान (स्थापना १९०८) गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि संतग्रंथ देते. त्याच गावांतले सेवाधारी पाळीपाळीने शेगावी येऊन विनावेतन स्वच्छतेची व महाप्रसादाची कामे करतात. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये विवेकानंद आश्रम स्थापला. तेथे संतवचनांच्या जोडीला विवेकानंदांचा सेवाविचार आला आणि रुग्णसेवा व शिक्षण ही कामे उभी राहिली.

तुलना : सतराव्या शतकातील प्युरिटन प्रवचनाची घडण कीर्तनाच्या घडणीशी मिळतीजुळती होती. आधी बायबलमधील वचन, मग त्यातून निघणारा सिद्धान्त, त्याची कारणे आणि शेवटी आचरणातला उपयोग, असा क्रम असे. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला निघालेल्या वसाहतकऱ्यांसाठी जॉन विन्थ्रॉप यांनी केलेल्या उपदेशात मीखा संदेष्ट्याचे वचन आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या नगराचे रूपक येते. एकमेकांची ओझी वाहणारा समाज घडावा, हा त्यामागचा हेतू होता. त्या परंपरेचे वारसदार असलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ पासून मुंबईत सुरू झाले. पुढे अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची रीत स्वीकारली आणि प्रमाणाच्या जागी शास्त्रवचन उभे केले.