रेव्हरंड ना. वा. टिळक यांची ख्रिस्तनिष्ठा : कुटुंब आणि समाज

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतरांचा विचार बहुधा मिशनचे कार्य आणि हिंदू समाजाची प्रतिक्रिया या दोन अंगांनी केला जातो. धर्मांतरित व्यक्तीच्या घरात पुढे काय घडले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या बाबतीत मात्र लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे एक असामान्य साधन हाती येते.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी त्यातील काही काळ आप्तांच्या आश्रयाने पंढरपूरला काढला. पुढे त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. त्यांच्यावर धर्म लादला गेला नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या, सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या आणि त्यानंतर, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पतीच्या मागोमाग पत्नी गेली, एवढाच त्याचा अर्थ लावणे लक्ष्मीबाईंवर अन्याय करणारे ठरेल.

वस्तुतः 'स्मृतिचित्रे'तील टिळक स्थिर वृत्तीचे नाहीत. ते शीघ्रकोपी, लहरी आणि पैशाच्या बाबतीत कमालीचे बेफिकीर आहेत. त्याची झळ पत्नीला सोसावी लागली. (गौरवग्रंथांच्या परंपरेत ही बाजू सहसा झाकली जाते.) अशा मनुष्याची ख्रिस्तावरील निष्ठा तेवढी अखेरपर्यंत ढळली नाही, आणि घरावर परिणाम झाला तो तिचाच.

समाजाच्या बाबतीत टिळकांनी उपासनेला मराठी वळण दिले. तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे अभंग आणि भजन हे प्रकार त्यांना परके वाटले नाहीत. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आजही गायिली जातात. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात एकत्र आणावयाचे होते. दोनच वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयत्न पुढे मूळ धरू शकला नाही.

'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्यही अपूर्ण राहिले होते. त्याचे उर्वरित बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे शिक्षण त्यांना कधीच लाभले नव्हते.