दवंडी ते नो पार्किंग: पाटी कुठे होती?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझा मामा रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहतो. आजीचे डोळे दाखवायला तो गाडी घेऊन एका शहरात गेला. शहराचं नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत चार गाड्यांच्या रांगेत त्याने आपली गाडी लावली. नो पार्किंगची पाटी दिसते का, म्हणून दोन्ही बाजूंना बघितलंही. तासाभराने बाहेर आला तर गाडी गायब. डांबरावर खडूने गाडीचा नंबर आणि चौकीचं नाव लिहिलेलं.

चौकीत मामाने विचारलं, "साहेब, पाटी कुठे होती?"

"काका, ऑर्डर आहे ना तिथली. पाटी असो नसो."

आजी रिक्षात बसून होती, डोळ्यांत औषध घातलेलं, ऊन सहन होईना. मामाने पैसे भरले, पावती घेतली आणि गाडी सोडवली. घरी येईपर्यंत एकच वाक्य घोळवत राहिला, "हुकूम आहे म्हणे. पण मला सांगितला कुणी?"

मामाला माहीत नव्हतं, पण हा प्रश्न फार जुना आहे. सरकारने हुकूम काढला आणि तो लोकांपर्यंत पोहोचलाच नाही, तर तो लागू होतो का?

ऐका हो ऐका

आपल्याकडे हुकूम पोहोचवायची जुनी पद्धत म्हणजे दवंडी. सारा भरायची मुदत, लिलाव, साथीचा रोग, जे काही असेल ते डफ किंवा ढोल वाजवून गावभर सांगायचं आणि कागद चावडीवर लावायचा. वाचता येणारे मोजके, त्यामुळे कानावर घालणं हीच खरी प्रसिद्धी. अनेक गावांत हे काम वतनाच्या नावाखाली महार समाजावर लादलेलं होतं. सरकारचा हुकूम ज्याच्या तोंडून गावाला कळायचा, त्यालाच गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव असायचा. ही कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

इंग्रजांच्या कायद्यांनीही दवंडीला जागा दिली. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही चालू आहे. घर किंवा जमीन जप्त करायची असेल, तर हुकूम त्या मिळकतीवर किंवा तिच्या जवळ ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीने जाहीर करावा आणि त्याची प्रत मिळकतीच्या ठळक जागी चिकटवावी, असं ती सांगते. म्हणजे हुकूम कचेरीच्या फाइलमध्ये असून भागत नाही, तो ज्या जागेबद्दल आहे त्या जागेवर दिसला पाहिजे. नो पार्किंगची पाटी ही याच दवंडीची नात म्हणायला हरकत नाही.

हरला, पण जिंकला

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९५१ मध्ये आला, तोही ५० रुपयांच्या दंडावरून. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये ठराव करून अफूबद्दलचा एक कायदा संमत केला होता. पण तो राजपत्रात छापला नाही, की दुसऱ्या कोणत्या मार्गाने जाहीर केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली एका माणसाला दंड झाला. योगायोग असा, की त्याचं नाव होतं हरला. खटल्याचं नाव हरला विरुद्ध राजस्थान राज्य.

हरला जिंकला. चार मंत्र्यांनी खोलीत बसून केलेला ठराव, जो लोकांना कळलाच नाही आणि कळायची सोयही नव्हती, त्याच्या जोरावर कुणाला शिक्षा देणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा त्या निकालाचा आशय. 'कायदा माहीत नव्हता' ही सबब चालत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. हरलाचा निकाल त्याची दुसरी बाजू सांगतो. सबब चालणार नसेल, तर कायदा माहीत करून घेण्याची वाट तरी उघडी हवी.

पण लगेच खूश होऊ नका. मुंबईत घडलेली दुसरी केस याच्या उलट गेली. २८ नोव्हेंबर १९६२ ला पहाटे झुरिकहून मनिलाला जाणारं विमान सांताक्रूझला उतरलं. त्यातल्या एका जर्मन प्रवाशाच्या जाकिटात ३४ किलो सोनं सापडलं. त्याला मुंबईत उतरायचंच नव्हतं. पण नुसतं भारतातून पुढे न्यायचं असलं तरी सोनं विमानाच्या मालयादीत नोंदवलेलं हवं, अशी नवी अट २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात छापून आली होती. अवघे चार दिवस आधी! मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने उलट निकाल दिला. राजपत्रात छापलं म्हणजे जाहीर झालं, परदेशी माणसाने ते वाचलं की नाही हा प्रश्न नाही. शिक्षा मात्र भोगली तेवढीच पुरे केली.

मग मामा कोणत्या बाजूला? हरलाच्या, की सोनेवाल्याच्या? हुकूम राजपत्रात असेल तर पाटी नसली तरी चालते का?

मोटार आली, पाट्या आल्या

मुंबईत मोटारी आल्या १८९८ च्या सुमारास. देशभरासाठी पहिला मोटार कायदा १९१४ मध्ये झाला, मग १९३९ चा आणि आता चालू आहे तो १९८८ चा. मोटारीच्या कायद्याने एक वेगळी गोष्ट ओळखली. गाडी चालवणारा माणूस परगावचा असतो. वरसेचा माणूस पुण्यात जाणार, पुण्याचा अलिबागला. प्रत्येक गल्लीचं राजपत्र तो कुठून वाचणार? म्हणून रस्त्यानेच त्याच्याशी बोलायला हवं.

१९८८ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं, की वाहनांवर बंदी किंवा निर्बंध घालायचे तर राजपत्रात अधिसूचना काढावी आणि योग्य ठिकाणी चिन्हांच्या पाट्या लावाव्यात. दोन्ही. कलम ११६ पाट्यांचा हेतूच लिहून ठेवतं: बंदी लोकांच्या लक्षात आणून देणं. इतकंच नाही, तुमच्या गाडीची धडक बसून पाटी निकामी झाली, तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पाटीला कायदा एवढी किंमत देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅमेऱ्याने चलान करण्याचे केंद्रीय नियम आले, त्यांतही कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनेची पाटी ठळकपणे लावायला सांगितलं आहे.

थोडक्यात, सोनेवाल्याच्या केसमध्ये राजपत्र पुरलं, कारण तिथे कायद्याने आणखी काही मागितलं नव्हतं. इथे कायदा स्वतःच पाटी मागतो. मामाचा मुद्दा टिकतो तो इथे.

त्यालाही मर्यादा आहेत. फूटपाथ, चौकाचं तोंड, वळण, बस थांबा, दुसऱ्याच्या फाटकासमोरची जागा, अशा ठिकाणी पाटी नसली तरी गाडी लावता येत नाही, कारण ते वाहन चालवण्याच्या नियमांतच आहे. रस्ता अडवला असेल तर 'पाटी नव्हती' हे उत्तर होत नाही. ॲम्ब्युलन्स अडली तर ती पाटी बघून अडत नाही.

उचलायचं कुणी?

गाडी उचलण्याबद्दल कलम १२७ आहे. पार्किंगला कायद्याने बंदी असलेल्या जागी उभी असलेली, किंवा १० तास किंवा अधिक वेळ बेवारस सोडलेली गाडी हलवता येते. पण परवानगी द्यायची ती गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने. टोइंगवाल्या पोरांनी स्वतःच्या मनाने नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एक बाई गाडीत बाळाला पाजत असताना गाडी ओढून नेली गेली. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि वाहतूक पोलीस निलंबित झाला. तेव्हा लोक चिडले ते दंडावर नाही. गाडीत माणूस आहे हे दिसत असूनही हुक लावला, यावर चिडले.

इंग्लंडमध्येही असंच घडलं आहे. आजारी वाटायला लागलं म्हणून एका बाईने घाईत गाडी एका खासगी जागेत लावली. परत आली तर चाकाला जॅमर. इशाऱ्याची पाटी होती, पण शेजारच्या मोठ्या गाडीआड झाकलेली. २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पाटी तिने पाहिलीच नव्हती, मग जॅमर लागण्याचा धोका तिने पत्करला असं कसं म्हणायचं?

पावतीची किंमत

मामाने शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. हा हक्कही महाराष्ट्राला केंद्राच्या आधी, २००२ मध्ये मिळाला. फी १० रुपये. दोनच प्रश्न विचारले: या गल्लीतल्या नो पार्किंगच्या अधिसूचनेची प्रत द्या, आणि पाटी कधी, कुठे लावली त्याची नोंद द्या. उत्तर आलं. अधिसूचना होती, बरीच जुनी. तिच्यातच लिहिलं होतं की फलक लावावेत. फलक लावल्याची नोंद 'आढळून येत नाही'.

मग पैसे परत मिळाले का? नाही. मामाने जागेवर दंड भरला, म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड केली, आणि कलम २०० प्रमाणे प्रकरण तिथेच संपलं. लढायचं तर दंड न भरता कोर्टात जायला हवं होतं. त्यासाठी गाडी अडकलेली, तारखेला रोह्याहून यायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची. पहिल्या वेळचा दंड १०० रुपयांपर्यंत होता, तो २०१९ च्या दुरुस्तीने ५०० झाला, त्यावर टोइंगचे पैसे. तरीही लढण्यापेक्षा भरणं स्वस्त. न लागलेल्या पाटीला कुणी जाब विचारत नाही तो यामुळे. प्रत्येकाची आजी रिक्षात बसलेली असते.

मामा आता गाडी लावली की आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांचे फोटो काढतो. आजी त्याला हसते. तिने लहानपणी गावात दवंडी ऐकलेली. ती म्हणते, "आमच्या वेळी बरं होतं रे. निदान दंड करायच्या आधी ढोल तरी वाजवायचे."