वजनाचें भय आणि मनाचें औषध

कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला ५२ किलोंच्या गटांत लढले. १९५२ सालीं हेलसिंकीस ५७ किलोंच्या गटांत उतरून त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. वजन वाढलें म्हणून त्यांना कोणी हिणविलें नाहीं. सातारा-सांगलीच्या या मुलखांत (१९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचें नांवच दक्षिण सातारा होतें) अंगावर मूठभर मांस चढलें कीं प्रकृति सुधारली असें म्हणत.

त्याच १९५२ सालीं पॅरिसांत डिले व डेनिकर यांनीं क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांस देऊन पाहिलें. भ्रम ओसरले, वजनें मात्र वाढूं लागलीं. १९९६ सालीं बाजारांत आलेल्या ओलान्झापीनमध्यें तर हा दोष अधिकच ठळक दिसला. अशीं औषधें मेंदूंतील हिस्टामिनाचें कार्य अडवितात व भूक वाढवितात. तेव्हां रोगी खादाड झाला, हा घरच्यांचा आरोप आम्हांस अन्यायाचा वाटतो.

वाढतें अंग पाहून कांहीं रोगी गोळ्या गुपचूप टाकून देतात आणि आजार उलटतो. त्यांच्या भयास आम्ही नखरा म्हणणार नाहीं. मधुमेहाचा धोका खरा आहे. पहिल्या गोळीपूर्वींच वजन, कंबर व रक्तांतील साखर मोजावी, आणि वाढ बहुधा आरंभींच्या महिन्यांत होते म्हणून तेव्हां तर मोजीतच राहावें. औषध बदलावें कीं जोडीस मेटफॉर्मिन द्यावें, हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. पण विचारण्याचा संकोच रोग्यानें कां करावा? औषधाचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें त्याला दिलेलाच आहे.