एका काळ्या गाठीचा इतिहास

लंडनच्या शल्यवैद्यांच्या महाविद्यालयातील संग्रहालयात जॉन हंटर या थोर शल्यवैद्याने 1787 साली एका पस्तीस वर्षांच्या पुरुषाच्या जबड्यामागून कापून काढलेली एक गाठ जतन केलेली आहे. ती पूर्वी एकदा काढलेली होती आणि पुन्हा उद्भवली होती. हंटरला तिचे खरे स्वरूप उमगले नाही. 1968 साली सूक्ष्मदर्शकाखाली तिची तपासणी झाली, तेव्हा ती मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाची, असल्याचे सिद्ध झाले.

या रोगाला स्वतंत्र ओळख मिळवून दिली ती फ्रान्सच्या लेनेक याने. पुढे स्टेथॉस्कोप शोधून काढणारा तो हाच. 1804 साली पॅरिसमध्ये त्याने या काळ्या गाठींचे वर्णन केले. त्यावरून श्रेय कोणाचे, असा त्याचा आणि त्याचे गुरू द्युपुईत्राँ यांचा वादही झाला. गुरुशिष्यांची ही भांडणे सर्व देशांत सारखीच असावीत!

परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो विल्यम नॉरिस. इंग्लंडमधील स्टाउरब्रिज या लहान गावचा हा साधा वैद्य. त्याच्या एका रोग्याच्या पोटावरील तीळ वाढून त्याची गाठ झाली. ती काढली, काही महिन्यांतच रोग उलटला आणि रोगी दगावला. नॉरिसने चौकशी केली, तेव्हा कळले की रोग्याचे वडीलही सुमारे तीस वर्षांपूर्वी अशाच व्याधीने गेले होते आणि त्यांचेही दुखणे दोन खांद्यांमधील एका तिळापासूनच सुरू झाले होते. हा रोग आनुवंशिक असावा, असे त्याने 1820 साली लिहून ठेवले. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. अशा काही कुटुंबांत आढळणारे सीडीकेएन2ए या जनुकातील वैगुण्य 1994 साली हाती लागले.

तथापि गाठ काढून घरी परतलेल्या माणसाचा प्रश्न वेगळाच असतो : हे पुन्हा उलटेल काय? त्याचे पहिले विश्वसनीय उत्तर अमेरिकेतील अलेक्झांडर ब्रेस्लो याने 1970 साली दिले, तेही अगदी साध्या साधनाने. 98 रोग्यांच्या गाठींची खोली त्याने सूक्ष्मदर्शकातील मोजपट्टीने मोजली. 0.76 मिलिमीटरहून पातळ गाठी पाच वर्षांत उलटल्या नाहीत, असे त्याला आढळले. अशा पातळ गाठीही क्वचित दगा देतात, हे पुढे दिसून आले. पण खोली मोजण्याची रीत आजही कायम आहे. गाठीजवळच्या पहिल्या लसिकाग्रंथीची तपासणी करण्याची पद्धत डोनाल्ड मॉर्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी 1992 साली तिच्या जोडीला आणली.

आता जनुकीय चाचण्या आल्या आहेत, आणि त्यांत गल्लत फार होते. रक्तावरून कुळाचा दोष शोधणारी चाचणी वेगळी. गाठीतील बीआरएएफ जनुकाचा बिघाड पाहून औषध ठरविणारी वेगळी. तो बिघाड 2002 साली उघडकीस आला. तिसरी चाचणी गाठीतील काही जनुके कितपत सक्रिय आहेत हे मोजते आणि रोग उलटण्याचा धोका कमी की अधिक, हे वर्तविते. 31 जनुकांची अशी एक चाचणी 2015 साली शोधनिबंधातून पुढे आली.

आकडेवारीच्या फायलींत माझी अनेक वर्षे गेली आहेत, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. टक्केवारी समूहाची असते, भीती मात्र एकट्याची असते. गाठ पातळ असेल तर मुळात रोग उलटण्याचा संभव थोडा. तेथे ‘अधिक धोका’ असा शेरा मिळालेल्यांपैकीही बहुतेकांचा रोग उलटत नाही. उलट ‘कमी धोका’ म्हटलेल्या कोणाचा उलटतो. म्हणून या चाचणीवरच सारा उपचार सोपवावा, असे अनेक तज्ज्ञांना वाटत नाही. खोली, व्रण आणि ग्रंथी यांच्या बरोबरीनेच तिचा विचार व्हावा, असे ते म्हणतात.

शिवाय या विद्येचा बराचसा पाया गोऱ्या कातडीच्या रोग्यांवर रचलेला आहे. आपल्याकडे हा रोग विरळा, आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तेथे उन्हाचा संबंध फारसा नसतो. तळव्यावरचा वाढता काळा डाग कुरूप किंवा जुना मार म्हणून महिनोन्‌महिने तसाच राहतो, आणि डॉक्टरांची मोजपट्टी त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तो बराच खोल गेलेला असतो.